रंधा वर्गाबाहेर ठेवणाऱ्यांना

फर्निचर शिकायला विद्यापीठात कशाला जायचं, हा प्रश्न आपल्याकडे दोन तोंडांनी विचारला जातो. एक तोंड घरातलं आणि व्यवहारी आहे. सुतारकाम आयटीआयमध्ये एका वर्षात शिकवतात, गल्लीतला मिस्त्री तर तेही न शिकता करतो. मग चार वर्षं आणि काही लाख रुपये घालवून पोरानं शेवटी कपाटंच करायची ना? दुसरं तोंड संस्थेतलं आणि सुशिक्षित आहे. डिझाइन म्हणजे विचार, तो आता संगणकावर होतो, प्रत्यक्ष करणारी माणसं बाहेर रोजंदारीवर मिळतात. मग जागा अडवणारी, भुसा उडवणारी, विजेचं बिल फुगवणारी कार्यशाळा पदवीच्या गळ्यात कशाला बांधायची? पहिल्याला पदवी नको आहे आणि दुसऱ्याला रंधा. ऐकताना वाटतं, ही दोघं आता हमरीतुमरीवर येतील. प्रत्यक्षात त्यांचं छान जमतं, कारण दोघांचं गृहीतक एकच आहे: खुर्ची ठरवणं हे एक काम, खुर्ची करणं हे दुसरं, आणि ती दोन वेगळ्या थरांतल्या माणसांनी करायची. माझा वाद त्या गृहीतकाशी आहे. फर्निचरमध्ये ठरवणं आणि करणं यांच्यामध्ये अशी भिंत घालता येत नाही. म्हणूनच हा विषय विद्यापीठात हवा, आणि रंध्यासकट हवा. ज्या संस्थेला कार्यशाळा नकोशी झाली असेल तिनं फर्निचरची पदवीही बंद करावी. कार्यशाळा गेल्यावर उरतो तो चित्रकलेचा एक महागडा वर्ग.

पुरावा मुद्दाम कारखान्यातला घेऊ, म्हणजे हस्तकलेच्या उमाळ्यातून बोलल्याचा आरोप नको. मिखाएल थोनेट हा जर्मनीत जन्मलेला आणि पुढे व्हिएन्नात स्थिरावलेला सुतार. त्याची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची मुंबईच्या इराणी हॉटेलांत चहा प्यायलेल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या घराण्यातली आहे: वाफेवर वाकवलेले गोल दांडे, पाठीला कमान, मध्ये वाटोळी बैठक. लाकडाचे अवघे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली तर एक घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या मावत आणि पोचतील त्या गावी जोडल्या जात. 1930पर्यंत सुमारे 5 कोटी खपल्या असं मानतात. तिची वळणं कागदावर काढणं अवघड नाही. अडचण कागदाच्या बाहेर होती. वाफवलेलं लाकूड दाबलं तर जवळजवळ पाव हिश्शानं आखडू शकतं, पण ताणलं तर शेकडा एक-दोनच्या पलीकडे लांबत नाही, फुटतं. दांडा वाकवला की त्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, त्यामुळे तो फुटतो तो बाहेरच्या अंगानं. थोनेटनं बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावून ती दोन्ही टोकांशी घट्ट धरली. बाहेरच्या बाजूला लांबायला वावच राहिला नाही, सगळं वाकणं दाबातून व्हायला लागलं आणि लाकूड शाबूत राहिलं. आज अभियांत्रिकीच्या पुस्तकात ही गोष्ट एका आकृतीत उरकते. पण त्या खुर्चीचं रूप, तिची किंमत, तिचा जहाजातला प्रवास, सगळं त्या पट्टीवर उभं आहे, आणि पट्टी सुचायला आधी दांडे फुटावे लागतात. यात डिझाइन कुठे संपलं आणि बनवणं कुठे सुरू झालं, ती रेघ कोणी दाखवून द्यावी. हा लेख तिथेच थांबवू.

आपल्या हवेत तर ही गोष्ट दर पावसाळ्यात दार ठोठावते. खरं तर दार ठोठावता येईल इतपतही उघडत नाही, फुगून बसलेलं असतं. सागवान हे लाकडांमध्ये शहाणं समजलं जातं, तरी ओलं असल्यापासून पुरतं सुकेपर्यंत ते वलयांच्या दिशेनं शेकडा सुमारे 6 आणि गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं शेकडा अडीच आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे एकाच ओंडक्यातून दोन तऱ्हांनी चिरलेल्या दोन फळ्या दोन वेगळ्या स्वभावाच्या निघतात. पहिल्या तऱ्हेची 300 मिलिमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा उन्हाळ्यात 9 टक्के आणि आषाढात 15 टक्के धरला, तर ती 3 मिलिमीटरहून थोडी जास्त फुगते. तेवढ्यात खण अडकतो, टेबलाचा वरचा तक्ता उचलतो, चौकटीला तडा जातो. चौकटीच्या दारात मधली फळी सरस न लावता खाचेत मोकळी सोडतात ती याच हिशेबानं. तिला श्वास घ्यायला जागा हवी असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र लाकूड फुगत नाही. तिथे सागवान, शिसव आणि आंबा यांच्यात फरक असतो तो फक्त रंगाचा, आणि रेषे कोणत्या दिशेला जातात हे एका क्लिकनं फिरवता येतं. ज्याचा खण कधी अडकला नाही त्याला तीन मिलिमीटर सोडायचे असतात हे सांगून कळतं, पण वेळेवर आठवत नाही. चार वर्षांच्या पदवीचा मोठा फायदा खरं म्हणजे हा आहे की तिच्यात चार पावसाळे येतात. पहिल्या वर्षी केलेलं स्टूल विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षापर्यंत डोळ्यांसमोर डुगडुगताना पाहावं लागलं, तर तो जे शिकतो ते सहा आठवड्यांच्या कोणत्याही प्रमाणपत्रात बसत नाही.

यावर संस्थेतल्या माणसाचं ठरलेलं उत्तर येतं: मोठे डिझायनर कुठे सुतार होते? आणि पहिलं नाव हमखास चार्ल्स आणि रे ईम्स यांचं असतं, कारण आपल्या डिझाइन शिक्षणाची पोथी त्यांच्यापासून सुरू होते. 1958 साली त्यांनी भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचं कौतुक केलं, त्यातून 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून लोट्याचा तो उतारा ‘डिझाइन म्हणजे विचार’ याचा दाखला म्हणून फिरतो आहे. पण या जोडप्यानं प्लायवूडला दोन दिशांनी वळवायचं कसं हे शोधायला लॉस एंजलिसच्या आपल्या भाड्याच्या घरात स्वतःच्या हातानं साचा-यंत्र बांधलं होतं. त्यातून 1942 साली अमेरिकी नौदलासाठी मोडलेला पाय बांधायची प्लायवूडची खपाटी निघाली आणि त्याच अनुभवातून 1945च्या सुमाराला त्यांच्या त्या प्रसिद्ध खुर्च्या. पोथी वाचणाऱ्यांनी हे पान दुमडून ठेवलेलं दिसतं. जॉर्ज नाकाशिमाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीची वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी खिशात घेऊन तो 1930च्या दशकात पाँडिचेरीला आला, अरविंद आश्रमाच्या गोलकोंड वसतिगृहाचं काम त्यानं पाहिलं. लाकडाचं खरं शिक्षण मात्र त्याला 1942 साली मिळालं, आणि मिळालं कुठे तर आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत, जिथे युद्धामुळे जपानी वंशाच्या अमेरिकनांना कोंडून ठेवलं होतं. तिथे गेंतारो हिकोगावा नावाचा, जपानी पद्धतीनं शिकलेला सुतार त्याला भेटला. पुढे 1964 मध्ये हाच नाकाशिमा अहमदाबादच्या संस्थेत येऊन फर्निचर करून गेला. एका नामवंत विद्यापीठाची पदवी असलेल्या माणसाला सांधे शिकायला बंदिवासात जावं लागलं, यावरून विद्यापीठात सांधे शिकवू नयेत असा निष्कर्ष काढणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

बाउहाउसचं नाव घेतल्याशिवाय या वादात कोणी पुढे जात नाही, तर तेही पाहू. 1919 साली वायमारला सुरू झालेल्या या शाळेत प्रत्येक कार्यशाळेला दोन शिक्षक असत, एक रूप शिकवणारा कलावंत आणि एक हत्यार शिकवणारा कारागीर. कारागिराचा दर्जा दुय्यमच राहिला, हे तिथल्या लोकांनाही खुपत होतं. पण त्या जोडशिक्षणातून मार्सेल ब्रॉयरसारखी मुलं बाहेर पडली, जी सुतारकामाच्या कार्यशाळेत वाढली होती, आणि शाळा देसाउला गेल्यावर दोन शिक्षकांची गरजच उरली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला येत होत्या. त्याच ब्रॉयरनं 1925मध्ये पोलादी नळीची खुर्ची केली. लाकडात शिकलेला हात धातूत गेला तरी वाया गेला नाही. डेन्मार्कमध्ये तर ही गोष्ट एका पिढीच्या अवधीत मोजून पाहता येते. 1924 साली कोपनहेगनच्या कला अकादमीत कॉरे क्लिंटनं फर्निचरचा अभ्यास सुरू केला. विद्यार्थ्यांकडून तो जुन्या चांगल्या खुर्च्यांची मापं घेऊन घेई. कपाट काढायच्या आधी त्यात ठेवायचे सदरे आणि ताटं मोजायला लावी. 1927पासून 1966पर्यंत दरवर्षी तिथल्या सुतारांच्या संघानं प्रदर्शन भरवलं, आणि त्यात डिझायनर व सुतार जोडीनं काम मांडत. हान्स वेग्नर पंधरा वर्षांचा व्हायच्या आत एका सुताराकडे उमेदवारीला लागलेला होता. कोपनहेगनला कलाशाळेत गेला तो त्यानंतर. 1960च्या निवडणुकीत केनेडी आणि निक्सन दूरचित्रवाणीवर वाद घालायला आले तेव्हा मंचावर ठेवलेल्या खुर्च्या या वेग्नरच्या होत्या. इमारती लाकडाच्या बाबतीत काही फार श्रीमंत नसलेल्या एका लहान देशाला जगाच्या बैठकखोल्यांत जागा मिळाली, ती अकादमी आणि सुताराचं दुकान यांच्यामधला उंबरा झिजल्यामुळे.

आता घरातल्या तोंडाकडे वळू, कारण त्याचा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे. मिस्त्रीला येतंच ना सगळं, मग पदवी कशाला? मिस्त्रीला पुष्कळ येतं, यात शंका नाही. पण आज त्याला करायला काय मिळतं ते पाहा. आठ बाय चारचं प्लाय, वर मायका, कडेला पट्टी, फेविकॉल आणि खिळ्यांची बंदूक. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, हे असंच पाहिजे आणि दिवाळीच्या आत पाहिजे. बापाला कुसू आणि खाचेचा सांधा डोळे झाकून येत असेल, तर मुलाला तो करायची वेळ वर्षातून एकदा येते, नातवाला तो कदाचित पाहायलाही मिळणार नाही. ज्ञान असतं, पण त्याला सराव लागतो, आणि सरावाला चुकायची सवड लागते. रोजंदारीवर चुकलेला तक्ता मजुरीतून कापला जातो. चुकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ, चुकण्यासाठी राखून ठेवलेलं लाकूड आणि चूक का झाली हे सांगणारा शेजारी, ही चैन समाजात फक्त विद्यापीठाला परवडते. किंबहुना विद्यापीठ ती परवडावी म्हणूनच असतं. सरकारनं 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 कारागिरीत सुतार आहे. त्याला मिळतं काय? पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15 हजारांची मदत. मदत वाईट नाही, हत्यारं महाग आहेत. पण ज्या विषयात वाफ, ओलावा, सरस, शरीराची मापं आणि दोन-तीन शतकांचा इतिहास गुंतलेला आहे, त्यात कारागिराची भूक काही दिवसांत भागते असं आपण मानतो, हे त्या आकड्यांतून उघड होतं.

शिवाय काही प्रश्न असे आहेत जे ना मिस्त्री सोडवू शकतो ना कारखाना सोडवेल. खुर्चीची बैठक अठरा इंच उंच असावी हा आपल्याकडे जवळजवळ वेदवाक्य झालेला आकडा आहे, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या कितीतरी बायकांच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. हे बदलायचं तर हजारो शरीरं मोजावी लागतात. ते काम विद्यापीठी वर्तुळातच झालं: देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांचं संकलन केलं आणि ते अहमदाबादच्या संस्थेनं 1997 साली प्रसिद्ध केलं. बांबूचंही तेच. एम. पी. रंजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातल्या बांबू-वेताच्या कामाचा जो ग्रंथ 1986 साली सिद्ध केला, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात ए. जी. राव यांनी बांबूवर जे काम केलं, ते कोणा ठेकेदारानं पैसे देऊन करून घेतलं नसतं. बांबू तर नुसत्या आराखड्याला दादच देत नाही. प्रत्येक काठीचा घेर वेगळा, पेर वेगळं, पोटात पोकळी. खिळा मारला की उभी चीर. असा पदार्थ समोर आला की माणसाला आधी बांबू हातात घ्यावा लागतो आणि मग पेन्सिल. आणि आपल्या शाळांचे बाक? पहिलीतल्या आणि सातवीतल्या मुलाला एकाच उंचीवर बसवणारे, निविदेत सर्वांत स्वस्त ठरलेले ते बाक लाखो मुलांच्या पाठीखाली वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्यावर कोणा कारखान्यानं संशोधन करावं? बाकावर बसणाऱ्याकडे खरेदीचा अधिकार नाही, मग त्याची पाठ बाजारात मोजली जात नाही.

इथवर आल्यावर विषयाच्या मुळाशी असलेली गोष्ट बोलायला हवी, जी दोन्ही तोंडं टाळतात. बारा बलुतेदारांत सुतार होता. त्याची विद्या गावाला रोज लागायची आणि तरीही ती ‘विद्या’ या शब्दात कधी मोजली गेली नाही. डोक्याचं काम वर आणि हाताचं खाली ही प्रतवारी आपण विद्यापीठात जशीच्या तशी नेली, फक्त तिला डिझाइन आणि एक्झिक्युशन अशी नावं दिली. चंदीगडच्या खुर्च्यांचं उदाहरण घ्या. 1950च्या दशकात पिएर जानरेच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या स्थानिक सुतारांनी केल्या. पुढे सरकारी कचेऱ्यांतून त्या भंगारात निघाल्या आणि आज परदेशातल्या लिलावांत त्यांना मोठ्या किमती येतात. सूचीत जानरेचं नाव असतं. ज्यांनी ते तिरपे पाय कापले आणि बसवले त्यांची नावं नाहीत, कारण नाव आराखड्याला मिळतं. आराखडा कोण काढू शकतो हे शाळा ठरवते, म्हणून शाळेत कोणाला जागा आहे हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच हक्काचा आहे. आणि हे आपल्याला नव्यानं सुचवायचीही गरज नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1890 साली बडोद्याला कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. तिथे कापड रंगवण्यापासून यंत्रकामापर्यंतचे विषय होते, सुतारकाम होतं, आणि शिकवणं देशी भाषेतून व्हावं म्हणून गज्जरांनी पारिभाषिक शब्दांचा मोठा खटाटोप केला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे 1949 मध्ये विद्यापीठ झालं, कलाभवन त्यात सामावलं गेलं आणि अभियांत्रिकीची विद्याशाखा म्हणून नावारूपाला आलं. यंत्र पदवीला पोचलं, सुताराचा रंधा वाटेत गळाला. 1937च्या वर्धा परिषदेत गांधींनी हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभारायची कल्पना मांडली, ती शाळेच्या पायऱ्यांवरच विरली. 2020च्या शैक्षणिक धोरणात 2025पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असं लिहिलेलं आहे. परिचय हा शब्द नीट वाचावा, पाहुण्याचा करून देतात तो.

यंत्र आलं, आता हाताची मातबरी काय, हा आक्षेप ताजा म्हणून येतो, पण तो थोनेटच्या काळापेक्षा तरुण नाही. संगणकावर चालणारं कापयंत्र आज जिल्ह्याच्या गावांतही पोचलंय. त्याचं पातं गोल फिरतं, म्हणून त्याला आतला काटकोन कापता येत नाही. खाचेचा कोपरा नेहमी गोलसर राहतो. मग चौकोनी कुसू त्यात बसत नाही. एक तर कुसवाच्या कडा गोल करायच्या, किंवा कोपऱ्यात पात्याला थोडं बाहेर जाऊ द्यायचं, किंवा शेवटी पटाशीनं कोपरा काढायचा. तिन्हींचं दिसणं वेगळं, ताकद वेगळी, खर्च वेगळा. हा निर्णय पडद्यासमोर बसलेल्या मुलीला घ्यायचाय, आणि जिनं पटाशीनं एकही कोपरा काढलेला नाही तिला इथे निर्णय आहे हेच कळणार नाही. यंत्र हाताला पर्याय ठरतं ते पुनरुक्तीत. पहिली वस्तू करताना यंत्रामागे हाताची जाण लागतेच, उलट चूक शंभरपट वेगानं होते म्हणून जरा जास्तच लागते.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांच्याकडे शेकडो एकर जमीन आहे. ऊस पडद्यावर दाखवा आणि नांगरायला मजूर लावा, असं तिथे कोणी सुचवत नाही. शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या सगळं येतंच, मग कृषी पदवी कशाला, असंही आता कोणी विचारत नाही. दोन्ही तोंडं शेतीपुढे गप्प बसतात आणि लाकडापुढे उघडतात, याचं कारण खर्चात सापडत नाही. स्वीडनमध्ये कार्ल माल्मस्टेनची शाळा 1930पासून आहे. 2000 सालापासून ती लिन्शोपिंग विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे फर्निचरचं सुतारकाम आणि बैठकीचं गादीकाम यांत पदवी मिळते. विद्यापीठ त्यामुळे बुडालेलं नाही. भुसा ओढणारं यंत्र, पात्यांवरची आवरणं, शिकवायला माणूस, हे सगळं महाग आहे हे खरं. वैद्यकाचं शवविच्छेदनगृहही महागच पडतं. आमचीच कंजूषी पाहा: बल्लारशाच्या आगारातून लिलावात जाणारं चांदा-गडचिरोलीचं सागवान आपण देशभर अभिमानानं मिरवतो, अयोध्येच्या मंदिराला गेलं म्हणून बातम्या होतात, पण ते चिरायचं कसं, सुकवायचं कसं आणि त्यातून काय करायचं याची विद्या ओंडक्याबरोबर राज्याबाहेर जाते.

एक आक्षेप मात्र मला अडवतो, आणि तो या दोन तोंडांचा नाही. तो असा: तुमची कार्यशाळेसकट पदवी आली की सुताराची विद्या शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या मुलांच्या हाती जाईल; ते तिला ‘हँडक्राफ्टेड’ अशी चिठ्ठी लावून दहापट भावानं विकतील आणि सुतार होता तिथेच राहील, आता आपल्याच विद्येचा मजूर म्हणून. हे घडू शकतं, काही अंशी घडतंही आहे. यावर कार्यशाळा बंद ठेवणं हे उत्तर नाही, कारण बंद कार्यशाळेनं सुताराला काही मिळत नाही. पण दारं होती तशीच ठेवून कार्यशाळा उघडली तर आक्षेप खरा ठरेल, हे कबूल करायला हवं. तेव्हा दारांचं बोलू. शिक्षकांच्या दाराला विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये एक फट पाडली आहे: प्रत्यक्ष कामाचा 15 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येतं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. नियमाच्या लेखनात ज्येष्ठ पदाची अपेक्षा आहे, आणि ती वाचून संस्था निवृत्त अधिकाऱ्यांना बोलावतात. चाळीस वर्षं सांधे केलेला मिस्त्री त्यात का बसू नये, आणि ‘कार्यशाळा सहायक’ या नावाखाली त्याला शिपायाच्या वर आणि अधिव्याख्यात्याच्या खाली का टांगून ठेवावं, याचं उत्तर मला कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. बाउहाउसची जी चूक तिथल्यांनाच खुपली, ती आपण शंभर वर्षांनी मापं घेऊन पुन्हा करतो आहोत.

विद्यार्थ्यांचं दार त्याहून अरुंद. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा चित्र काढायला लावतात, कल्पनाशक्ती तपासतात, आणि त्यांची तयारी करून घेणाऱ्या शिकवण्या शहरात मिळतात. आयटीआयचं सुतारकाम करून चार-पाच वर्षं दुकानात राबलेल्या मुलाला तिथे काय गुण मिळावेत? आणि मुलींचं तर सोडाच. मिस्त्रीच्या दुकानात मुलीला सहसा कोणी शिकायला ठेवत नाही, त्यामुळे तिच्यासाठी विद्यापीठाची कार्यशाळा ही बहुधा हातात पटाशी येण्याची पहिलीच जागा. निम्म्या जागांसाठी परीक्षा वेगळी घेऊन पाहावी. प्रश्नपत्रिका मराठीत, एका ओळीची. प्रत्येकाला फूटभराच्या दोन पट्ट्या, करवत, पटाशी, गुण्या आणि दोन तास. ज्याला येतं त्याचा सांधा पाहायचा. ज्याला अजून येत नाही त्यानं कुठे चुकलं ते स्वतः दाखवायचं, आणि तेवढे गुण त्यालाही. तपासायला प्राध्यापक बसतील आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मिस्त्री, मानधन दोघांना सारखं.